बिनफेसाची बाटली

महिपतरावांना चहा कसा झालाय असं कुणी विचारत नसे. विचारलं तर उत्तर मिळे, आणि ते चहापेक्षा कडक असे. मार्केट यार्डात मिरचीच्या आडतीवर त्यांनी सारी हयात दिवाणजी म्हणून काढली होती. माल उतरला की शेठ त्यांच्याकडे बघत. महिपतराव एक मिरची उचलून देठ मोडत, हुंगत आणि निकाल देत: ‘बरी’, नाहीतर ‘भिजलेली’. ‘बरी’च्या वर त्यांच्याकडे शब्दच नव्हता. त्यामुळे ‘बरी’ म्हटलं की व्यापारी पुढचं काही न विचारता पोती उचलत.

घरीही तोच खाक्या. साडूच्या नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला गेले, चारी खोल्या फिरून आले आणि ‘अंधार आहे’ एवढंच बोलून पेढा खाल्ला. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, म्हणजे खोटं न बोलण्यापाशी, त्यांचा आवाज जरा चढायचा. बाकीची शीलं पाळायला माणसाला कष्ट पडतात, हे एवढं यांना आयतंच जमतं, असं विमलाबाई शेजारणींना सांगत. त्यात नवऱ्याचं कौतुक किती आणि गाऱ्हाणं किती, हे शेजारणींना कधी कळलं नाही. महिपतरावांनी ते कौतुकच धरलं होतं.

अशा माणसापुढे एका रविवारी त्यांच्या लेकीने, दीक्षाने, एक तपकिरी बाटली आणून ठेवली. वर दाबायचा पंप, आणि बाटलीवर साधं नावसुद्धा नाही.

दीक्षा खराडीच्या एका कंपनीत इंजिनियर होती. ‘होती’ म्हणायचं, कारण तिने नुकतीच नोकरी सोडली होती आणि पूर्वा नावाच्या मैत्रिणीबरोबर धानोरीत एक गाळा घेऊन अंगाला लावायचा पातळ साबण करायला घेतला होता. दोघी खराडीतच एका खोलीत राहत आणि दीक्षा रविवारी विश्रांतवाडीला घरी येई. नोकरी सोडल्याचं कळलं तेव्हा विमलाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. इंजिनियर होऊन साबण घोटायचा होता तर आधी सांगायचं होतंस, मी दहावीनंतरच शिकवला असता, असं त्या फोनवर रोज ऐकवत. भाजी काय केलीस हे विचारायला त्या फोन करत आणि पोहोचत मात्र साबणावर.

दीक्षाने सांगितलं की साबणात करंजाचं आणि खोबऱ्याचं तेल आहे, दुसरं भरताड काही नाही. करंजाच्या बिया गोळा करणाऱ्या बायकांना भाव आधी ठरवून, रास्त दिला जातो आणि तो नंतर पाडला जात नाही. याला फेअर ट्रेड म्हणतात. महिपतरावांनी बाटली उजेडात धरली.

‘‘व्यापार आणि न्याय एकाच बाटलीत भरलेत,’’ ते म्हणाले. ‘‘झाकण घट्ट आहे ना?’’

दीक्षा हसली नाही. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

‘‘पप्पा, सगळे छान म्हणतात. पूर्वाच्या घरचे छान म्हणतात, मैत्रिणी छान म्हणतात. मला छान ऐकून कंटाळा आलाय. तुम्ही वापरा आणि सांगा. कंपनी मला परत घ्यायला तयार आहे, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढच्या महिन्यापासून पुन्हा खराडीच्या ऑफिसात.’’

काय बघायचं, असं त्यांनी विचारलं. ते ती सांगेना. आधीच सांगितलं तर तुम्ही तेवढंच बघाल, म्हणाली. आजवर लोकांनी महिपतरावांचा निकाल नाइलाजाने ऐकला होता. आपण होऊन मागायला आलेली ही पहिलीच, आणि ती पोटची पोर. त्यांना फार बरं वाटलं आणि तितकीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाटली घेऊन आंघोळीला बसले. पंप दाबला. तळहातावर पाण्यासारखं काहीतरी पडलं. अंगाला चोळलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा चोळलं. एरवी त्यांचा लाल साबण असा फेसाळायचा की त्यातच दाढी उरकावी. हा म्हणजे पाण्याने पाणी धुतल्यासारखा प्रकार. आपण चुकीचं दाबतोय की काय, म्हणून त्यांनी पंप फिरवून पाहिला, बाटली हलवून पाहिली, शेवटी तिच्याकडे नुसतंच पाहिलं. मग चार तांबे ओतले आणि टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

आपली आंघोळ झाली का, असं त्यांनी बायकोला विचारलं. विमलाबाईंनी वर पाहिलं आणि अंग ओलं दिसतंय म्हणजे झाली असावी, असं सांगून कणीक मळायला घेतली.

बरेच दिवस असंच चाललं. फेस म्हणून नाही. महिपतरावांनी मनाशी निकाल तयार करून ठेवला. दोनच शब्दांचा होता: ‘फेस नाही.’ पण ज्या दोन शब्दांवर पोरीचं नशीब लटकलंय ते बाहेर काढायला त्यांना जड जात होतं. एकदा जेवताना त्यांनी बायकोपाशी ते बोलून दाखवलं. पोरीचा साबण काही खरा नाही, म्हणाले. विमलाबाईंचा आमटी वाढणारा हात क्षणभर थांबला आणि मग त्यांनी ती वाढली. हिला आनंद झाला असणार, पोरगी नोकरीवर परत जाईल म्हणून, असं महिपतरावांना वाटलं.

त्यानंतर एका सकाळी त्यांनी पंप दाबला, अंग चोळलं, आणि फेस आला.

थोडाथोडका नव्हे, काखेतून ओघळून बादलीत पडेल इतका. महिपतराव त्या फेसाकडे बघतच राहिले. मग त्यांनी डोक्यालाही लावला. तिथे केस नावाला नव्हते, पण फेस आला. ते आंघोळ करताना गुणगुणले, आणि विमलाबाईंनी बाहेरून विचारलं की आत पडलात का.

दोन-तीन दिवस फेस, म्हणजे निकाल बदलायला हवा. ते तसा बदलून मोकळे झाले. तेवढ्यात रविवार आला. दीक्षा आली, तिने सोबत आणलेल्या कॅनमधून बाटली पुन्हा काठोकाठ भरली, कॅन तिथेच ठेवला आणि काही न विचारता जेवून गेली. सोमवारी महिपतराव हौसेने आंघोळीला बसले तर फेस गायब. मंगळवारीही गायब. बुधवारी पुन्हा आला.

आता मात्र त्यांची मती गुंग झाली. त्यांनी दीक्षाला फोन केला आणि साबणाचा फेस कमीजास्त का होतो, यात काही बदल केलायस का, असं विचारलं. तिने सांगितलं की सगळा साबण एकाच ड्रममधला आहे, एक थेंब इकडचा तिकडे नाही. आणि घाबरून विचारलं, का हो? काही नाही, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी पाण्यावर संशय घेतला. टँकरचं पाणी जड असतं, त्यात साबण उतरत नाही, हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल. ते खाली वॉचमनकडे गेले. महिनाभर टँकर आलेलाच नव्हता. मग बादली बदलून पाहिली. मग पाणी गरम, कोमट, गार असं करून पाहिलं आणि सर्दी ओढवून घेतली. फेस आपल्या मर्जीने यायचा आणि आपल्या मर्जीने जायचा. या सगळ्या धांदलीत पाठीची जुनी खाज पुन्हा सुरू झाली होती, तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मिरचीच्या धुळीत आयुष्य गेलेल्या माणसाला खाज ही काही बातमी नसते. आडतीवरची एक लाकडी फूटपट्टी त्यांनी पाठ खाजवायला घरी आणून खिळ्याला टांगली होती. ती घेऊन ते खाजवत बसत आणि फेसाचा विचार करत.

पाण्यावरचा संशय फिटला तेव्हा एकच जागा उरली: स्वतःचं डोकं.

त्यांचे थोरले भाऊ संभाजी यांचं असंच सुरू झालं होतं. एक दिवस म्हणाले, मिठाला चव राहिली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज आहे. घरचे हसले. म्हातारपणी जीभ चळते, म्हणाले. पुढे दोन दिवाळ्या गेल्या आणि एका सकाळी संभाजीरावांनी स्वतःच्या बायकोला नम्रपणे विचारलं की आपण कुणाकडे आलात. महिपतराव तेव्हा शेजारीच बसले होते. वहिनींचा चेहरा त्यांना अजून दिसायचा.

आज फेस आहे, उद्या नाही. मिठाचंच झालं की हे.

ते कुणाला बोलले नाहीत. दुपारी आडवं पडून ते स्वतःची परीक्षा घेऊ लागले. विश्रांतवाडीहून मार्केट यार्डाला जाताना बस कुठे कुठे थांबते, ते म्हणून पाहिलं. फुलेनगर, येरवडा, स्टेशन, स्वारगेट, मधले बारकेसारके थांबेही बिनचूक आठवले. यार्डातल्या जुन्या हमालांची नावं आठवली. जीव जरा थाऱ्यावर यायचा. मग सकाळ व्हायची, पंप दाबायची वेळ यायची, आणि हातात काय पडेल या धास्तीने पंपावर ठेवलेला अंगठा ते पुन्हा उचलून घ्यायचे. साध्या आंघोळीला माणसाने इतकं घाबरावं, याची त्यांना लाज वाटत होती.

महिना संपत आला तेव्हा न्हाणीघरात पाणी तुंबलं. महिपतरावांनी वाकून मोरीची जाळी उचलली. खाली प्लॅस्टिकचे चिमुकले चकचकीत तुकडे अडकले होते, निळे, तिरके फाडलेले. त्यांनी एक उचलून पाहिला. शॅम्पूच्या पुडीचा कोपरा. वाण्याकडे माळेसारख्या लटकतात त्या पुड्यांचा.

या घरात शॅम्पू कुणी लावत नव्हतं. विमलाबाई शिकेकाईच्या. दीक्षा आठवड्याला येते ती जेवायला. आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर लावायला काही उरलं नव्हतं. महिपतराव त्या ओल्या फरशीवर बसले. आपणच आणतो की काय? वाण्याकडे जातो, पुडी फाडतो, डोक्याला चोळतो आणि विसरून जातो? तसंच असणार. तो फेस दीक्षाच्या साबणाचा नव्हेच.

ते कोपरे तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आले.

‘‘विमल,’’ ते म्हणाले, ‘‘मी शॅम्पू लावतो का?’’

विमलाबाईंना हसू फुटलं. मग त्यांनी त्या तळहाताकडे पाहिलं. त्यावर ते निळे कोपरे होते. त्यांचं हसू तिथेच विरलं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, आणि महिपतरावांनी सगळं सांगितलं: फेसाचं, पाण्याचं, बसथांब्यांचं आणि शेवटी संभाजीदादांच्या मिठाचं. एवढं सलग ते लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असतील.

विमलाबाईंनी गॅस बंद केला.

‘‘तुम्हाला काही झालेलं नाही. त्या पुड्या मी ओतते बाटलीत.’’

महिपतरावांना आधी नुसता श्वास घ्यावासा वाटला. डोकं ठिकाणावर होतं. ते भिंतीला टेकले. मग त्यांना कळेनासं झालं. ही तर रोज पोरीला फोनवर फाडून खात होती. साबण वाईट निघाला तर हिलाच हवं होतं ते होणार होतं. मग हिने तो चांगला कशाला करावा? त्यांनी तसं विचारलं.

‘‘मी बोलते,’’ विमलाबाई म्हणाल्या. ‘‘माझ्या बोलण्याने कुणाचं काही अडत नाही. तुमचं तसं नसतं. तुम्ही निकाल देता. तुम्ही ‘फेस नाही’ म्हणाला असता आणि पोरीने तिथंच हातपाय गाळले असते. मला ठाऊक आहे ते कसं असतं.’’

तुला कसं ठाऊक, असं त्यांनी सहज विचारलं.

खरंच आठवत नाही का, असं विमलाबाई म्हणाल्या. मग सांगू लागल्या. दीक्षा बालवाडीत होती तेव्हाची गोष्ट. गल्लीतल्या बायका त्यांच्या काळ्या मसाल्यासाठी मागे लागल्या होत्या, करून विका म्हणून. त्यांनी मिरच्या भाजल्या, खोबरं भाजलं, डंकावर कुटून आणलं, छोट्या पिशव्या भरल्या, तोंडं मेणबत्तीवर चिकटवली. संध्याकाळी महिपतराव आडतीवरून आले तेव्हा त्यांच्यापुढे चिमूटभर ठेवला. महिपतरावांनी जिभेवर टाकला, ‘जळकट’ म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. पुढच्या दिवशी बायका आल्या तेव्हा विमलाबाईंनी सांगितलं की बेत बदलला.

‘‘पिशव्या फोडून डब्यात ओतल्या. वर्षभर तुम्ही तोच मसाला खाल्लात. आणि वर भाकरी मागून घेत होतात.’’

महिपतरावांनी आठवून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. बसचा एकेक थांबा आठवत होता, हमालांची नावं आठवत होती, त्या वर्षीचा लवंगीचा भावसुद्धा आठवला. मसाल्याची ती संध्याकाळ कुठेच नव्हती. डोक्याला काही झालेलं नव्हतं आणि तरीही ती त्यात नव्हती, याचंच त्यांना फार वाईट वाटलं. पाठ खाजत होती म्हणून ते नकळत दाराच्या चौकटीला घासू लागले.

घासता घासता थांबले.

‘‘फूटपट्टी खिळ्यावरून कधी खाली आली गं?’’

विमलाबाईंनाही ते तेव्हाच जाणवलं. मधे बरेच दिवस ती खिळ्याला नुसती लटकून होती, धूळ बसली होती म्हणून त्यांनीच एकदा पुसली होती. फेस नव्हता तेव्हाचे दिवस. पुड्या सुरू झाल्या आणि पट्टी खाली आली. फेस म्हणजे साबण चांगला, एवढं गणित धरून दोघांनी महिना काढला होता, एकाने घाबरत आणि एकीने लपवत.

विमलाबाईंनी बाटली मोरीत उपडी केली, धुतली. दीक्षाने ठेवलेल्या कॅनच्या तळाशी थोडा साबण होता, तो भरला. महिपतराव पुन्हा बिनफेसाची आंघोळ करू लागले. रविवार उजाडेपर्यंत फूटपट्टी खिळ्यावर गेली होती.

दीक्षा आली ती चप्पल काढतानाच त्यांच्या तोंडाकडे बघत आली. कंपनीला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. ती पाण्याचा पेला हातात घेऊन बसली, पण प्यायली नाही. विमलाबाई ओट्याशी पाठ करून भाकरी थापत होत्या.

‘‘फेस नाही,’’ महिपतराव म्हणाले.

दीक्षाचा चेहरा उतरला. तिने मान हलवली, जणू तिला ते आधीच माहीत होतं.

‘‘खाजही नाही.’’ त्यांनी खिळ्याकडे बोट दाखवलं. ‘‘पट्टीला काम राहिलेलं नाही. साबण बरा आहे.’’

मिरचीवाल्याच्या पोरीला ‘बरा’चं मोल सांगावं लागलं नाही. तिने पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग डोळे पुसता पुसता एकदम थांबली. आता ती धंदेवाली झाली होती.

‘‘पण पप्पा, मधे फोनवर तुम्ही विचारलंत, फेस कमीजास्त का होतो म्हणून. माझ्या बॅचमध्ये काही घोळ असेल तर मला कळायला हवं. तेव्हा काय झालं होतं?’’

भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला. महिपतरावांनी ओट्याकडे पाहिलं. विमलाबाईंची पाठ नुसती उभी होती. खरं काय ते त्यांच्या जिभेवर तयार होतं, नेहमीसारखं, दोन शब्दांचं.

‘‘साबणात काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्याच डोक्याचा घोळ. आता नीट आठवतही नाही.’’

चौथं शील तुटलं आणि घर काही कोसळलं नाही. पण दीक्षाचा चेहरा पांढरा पडला. मोठ्या काकांसारखं, असं ती अर्धवटच बोलली आणि वडिलांचा हात धरला.

‘‘त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही,’’ विमलाबाई वळून म्हणाल्या. हात पिठाने माखले होते. ‘‘शॅम्पूच्या पुड्या मी ओतल्या तुझ्या बाटलीत. फेस यावा म्हणून. त्यांनी नाही म्हणू नये म्हणून.’’

हसावं की रडावं ते दीक्षाला कळेना, आणि तिने थोडंथोडं दोन्ही केलं. आई, तू तर मला रोज शिव्या देत होतीस, एवढंच तिला म्हणता आलं. मी आजही म्हणते, नोकरी सोडायला नको होती, असं म्हणून विमलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. त्या दिवशी तिला कुणी जळकट म्हटलं नाही. जेवण झाल्यावर दीक्षाने तिथेच बसून कंपनीला नकार कळवला.

ती गेल्यावर महिपतराव बराच वेळ आतबाहेर करत होते. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

‘‘उद्या यार्डात चक्कर टाकतो म्हणतो. मिरची कुठली आणू?’’

कशाला, असं विमलाबाईंनी विचारलं.

‘‘मसाल्याला.’’

भांडी घासणारा हात थांबला नाही. ‘‘तुम्हाला जळकट लागतो ना?’’

‘‘मी चाखणार नाही.’’

विमलाबाईंनी पातेलं विसळलं, पालथं घातलं, पदराला हात पुसले. त्यांना उत्तर द्यायची काही घाई नव्हती.

‘‘लवंगी आणि ब्याडगी, अर्धी अर्धी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि नीट बघून घ्या. भिजलेली उचलून आणाल.’’

सारी हयात मिरचीत घालवलेल्या दिवाणजींनी ते ऐकून घेतलं आणि कापडी पिशवी शोधायला ते आत गेले.